हंगेरीच्या मिरचीचं स्थळ

धाड, ता. जि. बुलडाणा
चैत्र वद्य पंचमी

श्री. रा. रा. तेजरावजी व्याही, मु. हिवरा आश्रम, यांना धाडहून कडूबाचा मानाचा रामराम पोचावा. विहीणबाई सरस्वतीबाईंना नमस्कार. जावईबापूंना, लेक चि. जयमालेला आणि नात समताला आशीर्वाद. आपल्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला का ते कळवावे (पडला नसल्यास तेल परत पाठवू नये, इथे कोणी लावत नाही). विहीणबाईंची साखर आटोक्यात असेल. समताचा पुढचा दात पडल्याचं उडत उडत कानावर आलं. कोणी सांगितलं ते विचारू नये. जयमालेच्या आईला तिची फार आठवण येते. मला कामातून सवड होत नाही. बाकी इकडे सर्व ठीक आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की फोनवर मोठी गोष्ट होत नाही. आपण फोन उचलून "बोला" म्हणता, मी बोलायला लागलो की आपल्याकडे कोणीतरी येतं, आणि आपण "बरं मग, ठेवतो" म्हणता. (दर वेळी नेमकं कोण येतं याची मी अद्याप चौकशी केलेली नाही.) पत्राला तसं करता येत नाही. शिवाय मी परदेशी जाऊन आलो ही बातमी आपल्याकडे कोणत्या रूपात पोचली असेल याचा भरवसा नाही. धाडच्या बाजारात तर मी अविनाशसाठी गोरी नवरी पाहायला गेलो होतो असं ठरलं. अविनाश हा माझा पुतण्या, त्याला दोन लेकरं आहेत आणि त्याची बायको बाजारात भाजी घ्यायला जाते. तिने ऐकलं आणि चार दिवस मला चहात साखर घातली नाही. म्हणून खरी हकिगत, जशी घडली तशी, आपल्यासारख्या समजदार माणसाला कळवून ठेवतो.

आमची बियाण्याची कंपनी आपल्याला माहीतच आहे. अविनाश अध्यक्ष, मी आणि मिरचीचे व्यापारी नजीरभाई संचालक, आणि शेडनेटवाले सगळे शेतकरी सभासद. आम्ही करतो काय, तर मोठ्या कंपन्यांसाठी बी तयार करतो. मादीची कळी चिमट्याने उघडायची, नराचे परागकण तिला लावायचे, दोरा बांधायचा, फळ पिकलं की बी काढून डब्यात भरून द्यायचं. वाण त्यांचा, नाव त्यांचं, वाकलेली पाठ आमची. त्यांच्या तपासणीत जे बी नापास होतं तेवढं मात्र आमचं. यावर अविनाशने काढलेला उपाय असा, की स्वतःच्या मालकीचा वाण असलेली एक आख्खी कंपनीच विकत घ्यायची. ती त्याला सापडली हंगेरी देशात. एका लहान गावातली, एका म्हाताऱ्या माणसाची. त्यांच्याकडे एका लाल मिरचीचा वाण आहे, नाव इलोना. तिखट म्हणाल तर काहीच नाही, आपल्याकडे लेकरू जावळ काढायच्या आधीही खाईल, पण रंग असा की नजीरभाईंनी नमुन्याची पूड चिमटीत चोळली आणि बोटं धुतलीच नाहीत, अजीजुन्निसाभाभींना दाखवायला तशीच घरी नेली. सभासदांनी होकार दिला. कोणी जुनी नेट आणखी एक हंगाम चालवायचं ठरवलं, कोणी पोराच्या लग्नाचा मांडव लहान केला, आणि सगळ्यांची साठवण एका ठिकाणी आली. हे स्थळ चुकलं असतं तर धाडमधून मला रात्री उठून जावं लागलं असतं, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना आपण हसणार नाही.

आता अशा सौद्यात सही करण्याआधी समोरच्या कंपनीची कायदेशीर पडताळणी करावी लागते. तिला ड्यू डिलिजन्स म्हणतात. हे काम अविनाशची बहीण प्रतीक्षा हिने अंगावर घेतलं. ती पुण्याला वकील आहे, कंपन्यांच्या खरेदीविक्रीचंच काम करते, आणि लहानपणी माझ्याच मांडीवर बसून माझ्याच खिशातले शेंगदाणे खायची हे तिला आता आठवत नाही. तिने आम्हाला समजावून सांगितलं ते मला पटलं. म्हैस घेतली तर नुसती म्हैस येते. कंपनी घेतली तर त्या म्हशीने मागच्या सगळ्या वर्षांत ज्याचं ज्याचं रान खाल्लं तो प्रत्येक जण भांडायलाही येतो. म्हणून कंपनीचे खरे मालक कोण, कोर्टात काही चालू आहे का, कर भरला का, नोकरांशी काय ठरलं आहे, जागा कोणाची, वाण कोणाचा, हे सगळं आधी पाहायचं. मी म्हटलं, बाई, याला आम्ही स्थळाची चौकशी म्हणतो, आणि ती मी जन्मभर करत आलो. सभेने एकमुखाने ठराव केला की कडूबाने सोबत जावं. प्रतीक्षाने विरोध नोंदवा म्हणून सांगितलं, तो नोंदवला.

माझी पद्धत आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. स्थळाच्या घरी सरळ जायचं नाही. आधी गिरणीवर बसायचं, न्हाव्याकडे दाढी करायची, शेजारच्या घरी पाणी मागायचं. घराचं तोंड पाहू नये, परसदार पाहावं. जयमालेच्या वेळी मी आपल्या गावात बैल घ्यायला आलेला माणूस म्हणून दोन दिवस फिरलो होतो. (आपल्याला गिरणीवाल्याने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. तरी आपण दुसऱ्या दिवशी मला खरोखरच एक बैल दाखवलात, हा आपला मोठेपणा.) आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, जोवर मनाचा निर्णय होत नाही तोवर त्या घरी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पाणी घेतलं म्हणजे पसंती दिली. पाणी पिऊन नकार देणारा माणूस आपल्याकडे पुन्हा कोणाच्या ओसरीवर बसू शकत नाही.

तर भाद्रपदात अविनाश, प्रतीक्षा आणि मी असे तिघे गेलो. तिकडे तेव्हा मिरची लाल होते. घराघरांच्या भिंतींवर मिरच्यांच्या माळा टांगलेल्या पाहून मला दोन मिनिटं बरं वाटलं. मालकाचं नाव लास्लो. (त्या देशात आपल्या मतदार यादीसारखं आडनाव आधी आणि नाव नंतर लावतात. ही एकच गोष्ट मला तिथे कोणी न समजावता समजली.) उंच, वाकलेला, हाताला चिरा पडलेला माणूस, बायको वारलेली, एकच मुलगी, ती मोठ्या शहरात, तिला मिरचीत रस नाही. कंपनी विकून तो मुलीकडे राहायला जाणार होता. त्याने आमच्यासाठी टेबल मांडून ठेवलं होतं. मी हात जोडले आणि काही नको म्हणालो. त्याने सूप आणलं, मी हात जोडले. त्याने घरी काढलेली फळांची दारू आणली, तेव्हा तर मी दोन्ही कानांना हात लावले. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी मी मुक्कामाच्या खोलीतून बाटलीत भरून न्यायचो आणि कंपनीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा राहून प्यायचो. त्यांच्या वकिलांनी याचा अर्थ असा लावला की म्हातारा संचालक भाव पाडायला बसलाय. लास्लोने याचा अर्थ असा लावला की मला पोटाचा काही असाध्य आजार आहे. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी मऊ भात शिजवून ठेवला आणि दुभाषी बाईच्या हाती डॉक्टरचा नंबर दिला. त्या भाताकडे पाहून मला लाज वाटली, पण नियम तो नियम.

चौकशीही मी सोडली नाही. न्हाव्याकडे गेलो, त्याने माझी मिशी कमी केली आणि एक शब्द बोलला नाही, कारण त्याला मराठी येत नव्हती आणि मला त्याचं काही. गिरणी त्या गावात नव्हती. शेजाऱ्याच्या फाटकापाशी उभा राहिलो तर त्याने पोलिसाला फोन केला. पोलीस सभ्य होता, त्याने मला लास्लोच्याच दारात आणून सोडलं. तिकडे प्रतीक्षा डेटा रूममध्ये बसली होती. मी तिथेही चप्पल काढून जायला निघालो, तर कळलं की ती खोली नाही, कॉम्प्युटरवर ठेवलेले कागद आहेत, आणि ती मुक्कामाच्या खोलीत खाटेवर पाय घेऊन ते वाचते आहे. तिथला एक वकील तिने मदतीला लावला होता, कारण परक्या देशाचा कायदा आपल्या डोक्याने वाचायचा नसतो. रिझर्व्ह बँकेचे नियम ती इकडूनच पाठ करून आली होती. खरं ते सांगितलं पाहिजे, जे काही सापडलं ते तिलाच सापडलं. माझ्या पदरात कमी झालेली मिशी तेवढी पडली.

तिला सापडल्या दोन गोष्टी. एक म्हणजे आत्या. कंपनीच्या आवारात मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, एक बाग आणि विहीर आहे, आणि त्यात लास्लोची आत्या राहते. मालकी कंपनीची, पण हयात असेपर्यंत राहण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्या आत्याचा, असं त्या देशाच्या जमिनीच्या नोंदीत रीतसर चढवलेलं. म्हणजे कंपनी घेतली की आत्याही आली. अविनाशचा चेहरा उतरला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्याकडे कोणत्या घरात आत्या नाही? दुसरी गोष्ट मात्र खरी होती. इलोना हा वाण कंपनीच्या नावावर नव्हताच. तो लास्लोच्या स्वतःच्या नावावर होता. कंपनी घेतली असती तर शेड मिळाल्या असत्या, बी सुकवायची यंत्रं मिळाली असती, आत्या मिळाली असती, आणि वाण म्हाताऱ्याच्या खिशात राहिला असता. नवरी मांडवात उभी आणि डोरलं मामाच्या घरी, असला प्रकार. प्रतीक्षा म्हणाली, सहीच्या आधी वाण कंपनीच्या नावावर झाला पाहिजे, नाहीतर परत जायचं. ते आपण त्यांना उद्या सकाळी सांगू, तोवर कोणी काही बोलायचं नाही.

आणि त्याच दुपारी मी पाणी प्यालो. व्याही, हे मी कसं लिहू? मी परसदार पाहायला म्हणून मागच्या बाजूला गेलो होतो. ऊन आपल्यासारखंच होतं. बाटली मुक्कामी राहिली होती. आत्या विहिरीपाशी बसून मिरच्यांची देठं काढत होती. वय नव्वदीच्या पुढचं असावं, डोक्याला रुमाल, तोंडात दात नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, उठली, (उठायला तिला वेळ लागला) आणि पेला भरून माझ्यापुढे धरला. पेला तिच्या हातात कलला होता आणि पाणी सांडत होतं. आता सांगा. पसंतीआधी पाणी घ्यायचं नाही हा नियम जसा आपला, तसा आईच्या वयाच्या बाईच्या हातचं पाणी परत करायचं नाही हाही आपलाच. मी उभ्या उभ्या दोन्ही नियमांचा विचार केला. तोवर अर्धं पाणी सांडलं होतं. उरलेलं मी प्यालो, आणि गोड होतं हेही सांगतो.

संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून सांगितलं की माझ्या हातून पाणी घेतलं गेलं, आता नकार देता येणार नाही. अविनाशला तर तेच हवं होतं. प्रतीक्षाने आधी चष्मा काढला, मग पुन्हा लावला. "काका, पाणी पेल्यानं वाण आपला होत नाही," एवढंच म्हणाली. पण घरातलं बोलणं घरात थोडंच राहतं. अविनाशने धाडला फोन केला, नजीरभाईंच्या दुकानात सगळे सभासद जमले, मिरचीच्या खकाण्यात शिंकत शिंकत सभा झाली, आणि एकूण एक मत पडलं की कडूबाने पाणी पेलं, आता सौदा मोडला तर गावाची अब्रू जाते, वाण कोणाच्याही नावावर असो. त्या देशात एकाही माणसाला आमच्या या नियमाची खबर नव्हती, लास्लो तर मी पाणी प्यालो हे ऐकून आजार बरा झाला म्हणून खूश झाला होता. पण आम्ही आमच्याच दाव्याला बांधले गेलो. प्रतीक्षाने परोपरीने सांगितलं की करार सहीने होतो, घोटाने नाही. कोणी ऐकेना. मग ती उठून आत गेली आणि रात्रभर बसून तिने आमच्या संचालक मंडळासाठी लेखी कायदेशीर मत तयार केलं. त्याची नक्कल मी जपून ठेवली आहे. त्यात असं आहे, की सदर विहीर जमिनीच्या नोंदीनुसार आत्याच्या हयातभर वापराच्या हक्कात येते, सबब सदर पाणी हे विक्रेत्या कंपनीचे पाणी नसून आत्याचे व्यक्तिगत पाणी होते, आणि ते प्राशन केल्याने खरेदीदारावर सौद्याचे कोणतेही बंधन येत नाही. फारतर आत्याशी स्नेहसंबंध निर्माण झाला असे म्हणता येईल.

पहाटे धाडला पाठवलेलं ते मत नजीरभाईंनी भर सभेत मोठ्याने वाचलं. बराच वेळ कोणी शिंकलंसुद्धा नाही म्हणतात. मग ते म्हणाले, "पोरगी सही बोलून राह्यली. पानी आत्याचं. कंपनीचं नाही." आणि गावाची अब्रू वाचली. ज्या आत्याला आम्ही सौद्यातला दोष म्हणून लिहिलं होतं तिनेच आम्हाला सोडवलं. त्या दिवसापासून प्रतीक्षाच्या शब्दाला धाडमध्ये जो मान आहे तो पुण्यात असेल की नाही शंका आहे.

दुसऱ्या दिवशी तिने लास्लोला समोर बसवून वाणाचं विचारलं. मग दुभाषी बाईच्या तोंडून आम्हाला कळलं ते असं. इलोना हे त्याच्या बायकोचं नाव. वाण दोघांनी मिळून तयार केला, पुष्कळ वर्षं लागली, आणि नोंदणीची वेळ आली तेव्हा ती नव्हती. म्हणून त्याने तो कंपनीच्या नावावर केला नाही, स्वतःजवळ ठेवला. कंपनी द्यायला तो तयार होता. हे द्यायला हात उचलत नव्हता. आम्ही तसेच परत आलो. पुढे हिवाळाभर दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं येत जात राहिली आणि गाडं तिथेच रुतलेलं. सभासद रोज विचारायचे, मी रोज तोंड चुकवायचो. माघात एकदाचा लास्लोचा निरोप आला की वाण कंपनीच्या नावावर करतो, सही करतो, पण एक अट आहे. दरवर्षी मिरची लाल झाली की एकदा मला शेतात येऊ द्या.

आता आपण म्हणाल, यात काय अवघड आहे. पण वकिलांच्या दृष्टीने अवघड आहे. जुना मालक परत परत आला की नोकर त्याचं ऐकतात, तो पाण्याच्या पाळ्या बदलतो, हिशेब विचारतो, नव्या मालकाची मान खाली जाते. अविनाश तर चिडलाच. "इकून टाकल्यावर काऊन येते तो? इकलेल्या म्हशीले कोनी पाहाले जाते का?" यावर नजीरभाई म्हणाले, "अबे जाते ना. मी बकरी इकली व्हती, तं तिले पाहाले खामगावले गेल्तो. आखिर इन्सान हाय." सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण चौकशीचा माणूस मी. मी म्हटलं, येऊ द्या त्याला. का म्हणालो ते आता आपल्याला सांगतो. इतक्या सोयरिकी जमवल्या, पण प्रत्येक वेळी मी पाहायला जाणाऱ्यांच्या बाजूने बसलेला. देणाऱ्याच्या बाजूने मी एकदाच बसलो, तेव्हा आपण माझ्यासमोर होतात.

प्रतीक्षाने ते कलम लिहिलं. विक्रेत्याने दरवर्षी एकदा, पीक लाल झाल्यावर, यावे. शेतात फिरावे. जेवावे. मात्र नोकरांना सूचना देऊ नयेत, हिशेब मागू नये, आणि कारभाराविषयी कोणालाही कोणताही प्रश्न विचारू नये. लास्लोने वाचलं आणि कबूल केलं. फक्त एक विचारलं, की रोपांशी बोललो तर चालेल का? मला वाटलं आता वकील मंडळी हसतील. कोणी हसलं नाही. प्रतीक्षाने विचार करून खाली एक ओळ वाढवली, पिकाशी बोलण्यास हरकत नाही. फाल्गुनात सह्या झाल्या, ते तिकडे आणि आम्ही इकडे पडद्यासमोर. आत्यालाही खुर्चीवर आणून बसवलं होतं. मी पडद्यावर तिला पेला दाखवून पाणी प्यालो, तिने मान डोलावली. आता इलोना आमची आहे, आणि यंदा पहिल्यांदा आमचा कोणीतरी तिकडे मिरची लाल होताना मालक म्हणून पाहील.

असो. पत्र लांबलं. आपल्या कामाच्या वेळी वाचू नये, सवडीने वाचावे. गुडघ्याला जपावे. घरातील लहानमोठ्यांना यथायोग्य सांगावे.

आपला व्याही,
कडूबा

ता. क. — आखाजी जवळ आली, लेकींनी माहेरी यायचा सण. गेल्या वर्षीची आखाजी आणि त्याच्या आदल्या वर्षीचीही जयमालेविना गेली. आधी आपल्याकडे काकडीचं परागीकरण होतं, मग आणखी काही होतं. आम्ही इथे झोका बांधतो आणि तो रिकामाच हलतो. लग्नाच्या याद्या केल्या तेव्हा भांडी लिहिली, मानपान लिहिलं, पण लेकीने वर्षातून एकदा यावं असं कलम घालायचं माझ्या ध्यानात आलं नाही. एवढी चौकशी करणारा मी, आणि हेच राहिलं. परक्या मुलखातल्या माणसाला आम्ही त्याची मिरची पाहू देतो. आपण तर सोयरे आहात. यंदा जयमालेला आणि समताला पाठवावे ही हात जोडून विनंती. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवण्याआधी जयमालेच्या आईने हे सर्व वाचलं आणि मला वरचा ता. क. खोडायला सांगितला. कागद वाया जातो म्हणून खोडत नाही, पण तो रद्द समजावा आणि माझ्याकडून आपल्याला उगीच बोल लागला त्याची माफी असावी. ती म्हणते, व्याह्यांनी कधी अडवलं नाही, ते तर दर वेळी जा म्हणतात. पोरगीच येत नाही. कारण ती आली की मी तिला पायही धुऊ देत नाही, लगेच विचारतो, घरात दूध किती येतं, पहाटे आधी कोण उठतं, सासू कोणत्या आवाजात बोलते, छत गळतं का, आणि हे सगळं पुन्हा समताला वेगळं बसवून विचारतो, दोघींचा जबाब जुळतो का पाहायला. जयमाला आईला फोनवर म्हणाली म्हणे, "बाबाची चौकशी अजून सरली नाही वं. मी माहेरी येतो का साक्ष द्याले येतो?"

तेव्हा आपण तिला माझ्या वतीने एवढंच सांगावे. लास्लोचं कलम मला मान्य आहे. ती येईल, झोक्यावर बसेल, मी पाहीन, जेवीन, आणि कोणालाही कोणताही प्रश्न विचारणार नाही. प्रतीक्षाकडून तसा कागद करून घेऊन सहीनिशी सोबत पाठवतो आहे. फक्त शेवटची एक ओळ कोरी ठेवली आहे. समताशी बोललो तर चालेल का, ते जयमालेला विचारून तेवढं भरून घ्यावं.